चर्चचा पितळी बँड पेटीशी जुळत का नाही?

प्रश्न मराठवाड्यातल्या एका गावच्या मंडळीचा आहे: नाताळसाठी जुना बँड पुन्हा उभा करतोय, पण पेटीबरोबर बेसूर लागतो.

वाद्यं बहुधा ठीक असतात, चूक कागदावर, म्हणजे लिहून दिलेल्या स्वरांत असते. कॉर्नेट (छोटा, ट्रम्पेटसारखा) आणि युफोनियम (मोठं, खर्जाचं) ही 'बी फ्लॅट'ची वाद्यं. त्यांच्यावर लिहिलेला सी (पेटीची पांढरी 1) वाजवला की ऐकू येतो त्याच्याखालचा बी फ्लॅट (काळी 5). म्हणून पेटीवर गीत पांढरी 5 मध्ये (डावीकडून पाचवी पांढरी पट्टी 'सा' धरून) असेल, तर कॉर्नेटला पांढरी 6 मध्ये लिहून द्या, ई फ्लॅट आल्टो हॉर्नला पांढरी 3 मध्ये.

त्यानंतर उन्हाचा विचार करा. वाद्य तापलं की स्वर चढतो, पेटी मात्र चढत नाही. पाच मिनिटं फुंकून गरम करा, मग मुख्य नळी थोडी बाहेर ओढून सूर लावा.

व्हॉल्व्हला (बोटांनी दाबायच्या बटणाखालच्या दट्ट्याला) खोबरेल कधीच लावू नका. थंडीत ते गोठतं आणि नेमकं नाताळच्या पहाटे बटण वर येत नाही. व्हॉल्व्हचं पातळ तेलच वापरा. व्हॉल्व्हवर 1, 2, 3 कोरलेलं असतं. अदलाबदल झाली तर हवाच अडते.

आठ जण पुरतात: तीन कॉर्नेट, आल्टो, ट्रॉम्बोन, युफोनियम, बास, ड्रम. अंत्ययात्रेत ड्रमवर काळं कापड टाकतात, आवाज दबका येतो.

उघड्यावरच्या उपासनेत पितळेचा आवाज लांब जातो. इंग्लंडात सॉल्झबरीच्या फ्राय बापलेकांनी 1878 साली साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेसाठी रस्त्यावर वाजवलं ते याच बळावर. 1882 मध्ये ही संस्था मुंबईत आली.