गाणी आधी, प्लेअर नंतर
फोनवर गाणी ऐकायला कुठला प्लेअर घेऊ, असं विचारलंस. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून रोज बसनं बेळगावला येतोस, म्हणजे रेंज भरवशाची नाही. फोनमध्ये गाण्यांच्या फाइलीच हव्यात. सरळ व्हीएलसी हा प्लेअर घे. २००१ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, कोड खुला, जाहिराती नाहीत, एमपी३ असो की फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार), सगळं वाजवतो. फूबार२००० हा दुसरा प्लेअर फुकट आहे, पण कोड बंद. तरी मोठा संग्रह लावायला झकास, हरकत नाही. खरी अडचण स्ट्रीमिंग अ‍ॅपची: तिथं उतरवलेलं गाणं वर्गणी थांबली की गेलं! सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची सीडी मिळाली तर फ्लॅकमध्येच उतरव, अन् टॅग (फाइलीतली गाणं-गायकाची नावं) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, भर, नाहीतर मराठी-कन्नड नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.