कास पठारावर स्वतःची गाडी फुलांपर्यंत का नेऊ देत नाहीत? सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर काय करावं?

प्रश्न वाचून आधी रागच आला. मग माझं मलाच हसू आलं, कारण हाच प्रश्न माझा मेहुणा मला दर दिवाळीला विचारतो. फक्त त्याच्या प्रश्नात आई-वडील नसतात, नवी गाडी असते.

मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर आहे. सातारा-बामणोली गाडी मी बरीच वर्षं चालवली. समर्थ मंदिर, यवतेश्वरचा घाट, मग पठार, कासचा तलाव आणि खाली उतरून कोयनेच्या पाण्याकाठी बामणोली. जुलै-ऑगस्टात धुकं असं असायचं की कंडक्टर दारात उभा राहून रस्त्याची कड सांगायचा. त्या काळात फुलं बघायला कोणी येत नव्हतं. कॉलेजचे वनस्पतीवाले सर आणि त्यांची पोरं दोन-चार वेळा यायची, भिंग घेऊन पालथी पडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. गाडीतली आमची माणसं त्यांना हसायची. 'गवतात काय हरवलं वो तुमचं?' असं एका म्हातारीनं विचारलेलंही मला आठवतंय.

मग १ जुलै २०१२ ला पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली त्यात चार, कोयना, चांदोली, राधानगरी आणि आमचं कास. गर्दी त्याआधीच वाढायला लागली होती, पण त्या सप्टेंबरात जे झालं तसं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि कबूल करायला हरकत नाही, त्या गर्दीत थोडा हात माझाही होता. मेहुण्याला मीच फोन केला होता. 'या रविवारी, फुलं आलीत, एकदा बघून जा.' छाती फुगवून सांगितलं होतं. माझ्या रूटवरचं पठार जगाच्या यादीत गेलं होतं ना.

शनिवारी रात्री मंडळी पुण्याहून घरी आली. रविवारी पहाटे मी ड्युटीवर गेलो. त्यांना सांगून गेलो की सकाळच्या बसनं या, मी परतीला भेटतो. मेहुणा म्हणाला, 'दाजी, दारात गाडी असताना बसनं कशाला जायचं?' मला ते लागलं होतं, पण पाहुणा म्हणून गप्प बसलो.

बामणोलीहून सकाळची गाडी घेऊन मी निघालो. गाडीत नेहमीची माणसं होती. एक आजोबा होते, दुधाच्या दोन किटल्या घेऊन. म्हशीचं दूध, पहाटे पाचला काढलेलं. साताऱ्यात कंदी पेढे करणाऱ्या एका दुकानात त्यांचा रतीब होता. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली किटल्या ठेवायच्या आणि हात त्यांच्या झाकणावर ठेवून डुलकी काढायची, असा त्यांचा शिरस्ता. वर चढून पठारावर आलो आणि गाडी थांबली. समोर गाड्याच गाड्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या, अर्धी चाकं डांबरावर, अर्धी फुलांत. मधल्या फटीतून मोटरसायकल निघाली असती, एसटी कशी निघणार? मागून अजून गाड्या येऊन चिकटल्या. पुढे जायची सोय नाही आणि मागेही नाही.

साडेनऊला अडकलो तो साडेबारापर्यंत. ऊन निघालं. गणपतीच्या दिवसांतलं ते चटका देणारं ऊन. मी आणि कंडक्टर उतरून एकेका गाडीचा मालक शोधत फिरलो. मालक कुठे? पठारावर. पोरांना गेंदाच्या पांढऱ्या फुलांत बसवून फोटो काढत होते. एका घरच्यांनी चटई अंथरली होती आणि खाली सीतेची आसवं चिरडली होती. ते निळं-जांभळं इवलंसं फूल पाण्यातल्या बारीक किड्यांवर जगतं, मुळाशी त्याच्या पिशव्या असतात. मला हे त्या कॉलेजच्या सरांनी गाडीतच सांगितलं होतं. चटईवाल्यांना ते सांगत बसायला मला वेळ नव्हता.

सगळ्यात पुढे ज्या दोन गाड्यांनी रस्ता बांधला होता, त्यातली एक पांढरी गाडी माझ्या ओळखीची निघाली. नंबर बघायचीही गरज नव्हती, मागच्या काचेला आमच्याच सासुरवाडीच्या देवाचा स्टिकर होता. मेहुणा दोनशे पावलांवर होता. मी हाका मारल्या. त्यानं हात वर करून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं! खाकी कपड्यांत, चाळीस प्रवाशांसमोर, माझ्याच बायकोच्या भावानं मला पाच बोटं दाखवली.

साताऱ्यात पोचलो तेव्हा आजोबांनी किटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. दुकानदारानं घेतलं नाही, घेणारही नव्हता. नासलेल्या दुधाचे पेढे होत नाहीत. आजोबा मला काही बोलले नाहीत. मी पैसे देऊ केले तर म्हणाले, 'तुमी कशापायी? तुमी काय गाडी आडवी लावली व्हती?' मी गप्प झालो. गाडी कोणाची होती ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर तुमचा प्रश्न. गाडी वर का नेऊ देत नाहीत?

पठार म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. पावसाचं पाणी खाली मुरत नाही, त्या पातळ मातीत थांबतं आणि त्या ओलीवरच सगळा बाजार फुलतो, सुमारे ८५० जातींची फुलझाडं. त्या मातीवरून चाक गेलं की माती कातळात दाबली जाते, चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात पाणी त्या चाकोरीनं पळतं. २०१२ मध्ये पडलेल्या काही चाकोऱ्या मला पुढच्या वर्षीही गाडीतून दिसत होत्या. दोन्ही बाजूंना तेरडा आणि मध्ये दोन लाल पट्टे. शिवाय शेजारचा कासचा तलाव सातारा शहराला पाणी पाजतो. त्याच्या डोक्यावर शेकडो इंजिनं तास-तास चालू ठेवून उभी करायची म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

आता हिशोब. दिवसाला ३००० माणसं अशी मर्यादा ठरवली गेली. चार-चार माणसं धरली तर ७५० गाड्या. एकीला पाच मीटर जागा म्हटलं तर नुसती रांगच पावणेचार किलोमीटर. तीच माणसं ४४ सीटच्या बसनं नेली तर सत्तरएक फेऱ्या, म्हणजे दहा बसना दिवसभरात सात-सात. त्यांना उभं राहायला एक शाळेचं मैदान पुरे. पठाराला माणसांचा त्रास आहेच, पण रस्त्याचा गळा दाबते ती मोटार. म्हणून घाटाई फाट्याला गाडी लावायची आणि पुढे बसनं जायचं ही पद्धत बरोबर आहे. मी एसटीवाला म्हणून बोलतोय असं म्हणाल, तर हो, म्हणूनच बोलतोय. एक स्टिअरिंग चाळीस माणसं नेतं हे मी आयुष्यभर केलंय.

मेहुण्याचं म्हणणं ठरलेलं आहे. 'रस्ता चौपदरी करा, वर मोठं पार्किंग करा, प्रश्न मिटला.' अरे बाबा, खाली यवतेश्वरचा घाट तेवढाच राहणार आहे. आणि पठारावर रस्ता रुंद करायचा म्हणजे जांभा फोडून कडेनं गटार काढायचं. पाणी गटारीनं पळालं की फुलाला काय राहिलं? तू फुलं बघायला पार्किंग करणार आणि पार्किंगखाली फुलं घालणार. हे मी त्याला निदान दहा वेळा सांगितलंय. तो म्हणतो, दाजी तुम्ही जुन्या विचारांचे.

त्याचं दुसरं म्हणणं तिकिटाचं. 'निसर्ग बघायला पैसे कशाचे?' ज्या कास, एकीव, आटाळी, कासाणीच्या पोरांशी तो फाट्यावर हुज्जत घालतो, ती पोरं सीझनभर पावसात शिट्टी घेऊन उभी असतात. त्यांच्याच गावांची समिती वनखात्याबरोबर हे सांभाळते. गुरं चारायची बंद करून या लोकांनी काय सोडलंय ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. दोनशे रुपयांची कॉफी पिणारा माणूस इथे शंभर-दीडशेसाठी 'माझी वर ओळख आहे' म्हणतो तेव्हा मला त्या पोरांच्या जागी लाज वाटते.

आता आई-वडिलांचं. खरं सांगतो, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस सोडा, मंगळवार-बुधवार गाठा. बुकिंग आधी ऑनलाइन करा, फाट्यावर जाऊन नशीब अजमावू नका. सकाळी लवकर पोचा, दहानंतर गर्दी चढते. सप्टेंबरचा मधला काळ बरा, पण पाऊस कधी संपेल ते कासला कोणी विचारत नाही, त्यामुळे छत्री आणि मागे पट्टा असलेली चप्पल हवीच, कातळ निसरडा असतो. रस्त्यालगतही बरंच काही दिसतं. वडिलांना कुमुदिनी तलावापर्यंत चालवायचा हट्ट धरू नका, ती चाल त्या वयाला सोपी नाही. एका जागी बसून आसपासच्या हातभर जमिनीत काय-काय आहे ते बघा, दवबिंदू नावाच्या इवल्या झाडाची चिकट पानं, कंदीलपुष्प असलं तर नशीब. तसं बघणारे फार कमी, पण खरं पठार तेच आहे.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर मेहुणा म्हणेल दाजी एकतर्फी बोलले. बसची व्यवस्था दर वेळी चांगली असतेच असं नाही. पावसात बसची वाट बघत उभ्या राहिलेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. गाड्या बंद करायच्या तर आडोसा, बाक आणि बायकांसाठी स्वच्छ संडास आधी हवेत. वयस्कर आणि अपंग माणसांसाठी वेगळी छोटी गाडी असायलाच हवी, यावर माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्याचं सगळे कौतुक करतात. मीही करतो. पण तिथे इतकी वर्षं माणसं माणसांना हातरिक्षात बसवून चढावर ओढत होती, आणि ते थांबवा असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. मोटार बंद केली की तिचं ओझं कोणाच्या तरी अंगावर जातं. ते कोणाच्या, हे आधीच ठरवायला पाहिजे.

पठाराच्या कुंपणाबद्दलही कोणीतरी विचारेलच. जाळी लावली होती, नंतर काढली. आमच्या भागातले गुराखी सुरुवातीपासून म्हणत होते की गुरं फिरली नाहीत तर गवत माजेल आणि बारीक फुलं दबतील. त्यांचं ऐकायला जरा उशीर झाला एवढंच म्हणतो, यात मी जाणकार नाही.

गेल्या दिवाळीत मेहुण्यानं खिशातून नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाला, 'हे घ्या त्या दुधाचे पैसे आणि विषय संपवा.' आजोबा जाऊन चार वर्षं झाली. नोटा मी तशाच परत केल्या आणि म्हटलं, त्यापेक्षा सप्टेंबरातलं बुधवारचं बुकिंग कर आणि बसनं ये. तो म्हणाला, बुधवारी सुट्टी कुठे असते दाजी.