सेकंडहँड स्विच लाइट की गेमबॉय ॲडव्हान्स एसपी? आणि जुने सेव्ह कसे वाचवायचे?

पोकेमॉन गोल्ड आणि एमरल्डची जुनी कार्ट्रिज तुमच्याकडे आहेत, ती खेळायचीत, शिवाय नवे गेमही हवेत, तर सेकंडहँडमध्ये काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. एकाच यंत्रात हे दोन्ही होत नाही. स्विच लाइट हे नव्या गेमचं यंत्र आहे, त्याला गेमबॉयचं कार्ट्रिज लावायची सोयच नाही. निंटेंडोचं सदस्यत्व घेतलं की त्यावर निवडक जुने गेम मिळतात, पण तुमच्या कार्ट्रिजमधला सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) तिथे नेता येत नाही. म्हणून आधी एसपी घ्या, त्यात तुमची दोन्ही कार्ट्रिज चालतात. ते २००३ सालचं यंत्र असलं तरी त्यात झिजणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट सुटी बदलता येते, आणि जुनं यंत्र निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

एसपीचे दोन प्रकार आहेत. एजीएस-००१ मध्ये पडद्यावर समोरून उजेड पडतो, तर एजीएस-१०१ मध्ये तो मागून येतो आणि चित्र कितीतरी उठावदार दिसतं. मागचं लेबल बघून निर्णय घेऊ नका, बाहेरचं कव्हर बदललेले पीस खूप फिरतात. पडद्याखालचं मधलं बटण दाबा. उजेड पूर्ण बंद झाला तर ००१, नुसता कमी-जास्त झाला तर १०१.

मग बिजागरी बघा. झाकण उघडल्यावर जागच्या जागी थांबायला हवं. सैल पडलं असेल तर बिजागरीजवळ प्लास्टिकला चीर आहे का ते तपासा. एल आणि आर ही खांद्याची बटणं प्रत्येकी वीसेक वेळा दाबा, ती अधूनमधून दगा देतात. मागे बॅटरीचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तेवढ्यावरून यंत्र नाकारू नका, एका स्क्रूखाली असलेली ही ६०० एमएएचची बॅटरी पाच मिनिटांत बदलते. फक्त फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला लावू नका.

यंत्र तपासायला गोल्ड आणि एमरल्ड दोन्ही घेऊन जा. स्लॉटच्या आत एक छोटा स्विच असतो. जुन्या गेमबॉयचं कार्ट्रिज (गोल्ड) तो दाबतं, ॲडव्हान्सचं (एमरल्ड) दाबत नाही, आणि त्यावरूनच यंत्र ५ व्होल्ट द्यायचे की ३.३ ते ठरवतं. हा स्विच अडकला असेल तर एमरल्ड झकास चालतो आणि गोल्ड सुरूच होत नाही. एकाच गेमवर तपासलं तर हा दोष घरी आल्यावर कळतो.

गेम सुरू होत नसेल तर कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका. थुंकीचा ओलावा कार्ट्रिजच्या तळाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या आणखी काळ्या पडतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापसाची काडी त्यात ओली करा (ठिबकेल इतकी नको) आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी येत राहील, ती पांढरी येईपर्यंत बदलत राहा. पाच मिनिटं वाळू द्या. तरीही डाग राहिला तर मऊ पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने, एकदाच. पॉलिश पेपर कधीच नाही, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

आता सेव्हचं, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे. गोल्डमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एका सीआर२०२५ सेलवर जगतात. सेल संपला की सेव्ह गेला. एमरल्डमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो. त्यातला सीआर१६१६ फक्त घड्याळासाठी आहे, म्हणून सुरू करताना बॅटरी संपल्याचा मजकूर आला तरी सेव्ह सुरक्षित असतो. तेव्हा घाई गोल्डची करा.

सेल काढला की गोल्डचा सेव्ह पुसला जातो, म्हणून आधी तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यासाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू किंवा जीबी ऑपरेटरसारखं यूएसबीचं रीडर लागतं. सेव्हची फाइल दोन ठिकाणी ठेवा. मग ३.८ मिमीच्या गेमबिटने (अशा खास स्क्रूसाठीचं टोक) मागचा स्क्रू काढा, पुढचं झाकण किंचित खाली सरकवून उचला. (एमरल्डला गेमबिट नाही, तीन पात्यांचा ट्राय-विंग लागतो.) सेलची अधिक बाजू कुठल्या पट्टीकडे आहे त्याचा फोटो काढा. सोल्डरिंग गन ३५० अंशांच्या आसपास ठेवून जुन्या सोल्डरच्या डागावर थोडं नवं सोल्डर लावा, म्हणजे तो लवकर वितळतो, आणि एकेक पट्टी सोडवा. नवा सेल पट्ट्या आधीच वेल्ड केलेलाच आणा. नुसत्या सेलवर गन टेकवली तर लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. सीआर२०३२ बसवायचा मोह होईल, पण तो ०.७ मिमीने जास्त जाड असतो, झाकणावर दाब येतो. बसवल्यावर मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. मग रीडरवरून सेव्ह परत लिहा, गेममध्ये एकदा सेव्ह करा, यंत्र बंद करून चालू करा आणि बघा.

पुढे ॲडव्हान्सचं कार्ट्रिज विकत घेताना नकली ओळखायला खालच्या फटीत बघा. अस्सल बोर्डावर पट्ट्यांच्या वर निंटेंडोचं नाव बारीक छापलेलं असतं आणि पुढच्या लेबलावर दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा तिरक्या उजेडात दिसतो. नकलीत गेम चालतो, पण सेव्ह टिकेल याचा भरवसा नाही.

नव्या गेमसाठी पुढेमागे स्विच लाइट घेतलंत, तर त्याची दुखरी जागा म्हणजे स्टिक, म्हणजे पात्र चालवायची अंगठ्याखालची दांडी. आतली कार्बनची पट्टी झिजते आणि हात न लावता पात्र चालायला लागतं. नेहमीच्या स्विचला जॉय-कॉन (बाजूचा सुटा कंट्रोलर) बदलता येतो, लाइटला स्टिक अंगातच आहे. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सखाली स्टिक कॅलिब्रेशन उघडा, स्टिक चारी बाजूंना फिरवून सोडा आणि चिन्ह दर वेळी मधोमध परत येतं का ते बघा. मालकासमोर ईशॉप (निंटेंडोचं ऑनलाइन दुकान) उघडून बघा. निंटेंडोने बंदी घातलेलं यंत्र तिथे शिरूच शकत नाही. एक गेम कार्ड लावूनही बघा. आणि लक्षात ठेवा, स्विचचे सेव्ह यंत्राच्या मेमरीत असतात, गेम कार्डात किंवा मायक्रोएसडीत नाही. क्लाउड बॅकअप सदस्यत्वावर मिळतो, पण पोकेमॉन स्वोर्ड आणि शील्डला तो नाही. यंत्र रीसेट करण्याआधी याचा विचार झालाच पाहिजे.

कुठलंही यंत्र काही महिने बाजूला ठेवणार असाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा. पार संपवून कपाटात ठेवलेली बॅटरी कधीकधी पुन्हा चार्जच घेत नाही.