तोबा ज्वालामुखीची राख आपल्या पूर्णेच्या काठावर सापडते हे खरं आहे का? आणि तो परत फुटला तर?

हो भाऊ, खरं आहे. मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातलाच, शेती पूर्णेकाठी. गांधीग्रामजवळ नदीच्या गाळात ही राख सापडलेली आहे आणि ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, म्हणजे जवळपास ३,००० किलोमीटरवरून!

तोबाला आज गेलात तर डोंगर नाही, तळं दिसतं, १०० किलोमीटर लांब अन् ३० रुंद. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी जमिनीखालचा शिलारस एवढा बाहेर पडला की खाली पोकळी झाली आणि वरची जमीनच आत बसली, रिकामं पेव खचतं तशी. यालाच कॅल्डेरा म्हणतात. तोबाचा हा पहिला स्फोट नव्हता बरं, त्याआधी साधारण १२ लाख, साडेआठ लाख आणि ५ लाख वर्षांपूर्वीही मोठे उद्रेक झालेत. नंतर खालून परत दाब आला, तळ्याचा तळच वर उचलला गेला आणि सामोसिर बेट तयार झालं, म्हणून तळ्याच्या तळाचा गाळ आज त्या बेटावर उंचावर सापडतो.

परत फुटेल का? तिथं गरम पाण्याचे झरे अजून आहेत, म्हणजे खाली उष्णता आहेच, पण लिखित इतिहासात तोबाचा एकही उद्रेक नाही आणि दोन महास्फोटांमध्ये लाखो वर्षं जातात, त्यामुळे 'तोबा फुटणार' असे व्हिडिओ पाहून घाबरू नका.

आता राखेचं. दरडीतला प्रत्येक पांढरा पट्टा राख नसतो, आपल्याकडे बहुतेक वेळा ती चुनखडीच असते. चिमूटभर घेऊन त्यावर संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाका (हात जपून), फसफसलं तर चुना. राख फसफसत नाही, बोटाला बारीक रवाळ लागते आणि भिंगाखाली काचेचे धारदार तुकडे दिसतात, कारण ती काचच आहे.

आंध्रातल्या ज्वालापुरमला या राखेच्या खालीही दगडी हत्यारं सापडली आणि वरही, म्हणजे एवढं होऊनही माणसं तिथं होती, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. पण हे कळलं ते थर जागेवर होते म्हणूनच. त्यामुळे असा पट्टा दिसला तर टेस्टपुरती चिमूट सोडून काही उकरू नका, वरचा-खालचा थर दिसेल असा फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवा.