ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात?

प्रश्न: ताई, आमच्याकडे एक ससा आहे, आता मुलगी गिनीपिगसाठी हट्ट धरून बसलीय. फ्लॅट छोटा, दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं तर चालेल का? दुकानवाला म्हणतो बिनधास्त ठेवा.

उत्तर: दुकानवाल्याला काय, त्याचा एक पिंजरा कमी विकला जाईल एवढंच! नका ठेवू हो. ससा भांडखोर नसला तरी दचकून मागच्या पायांनी एक लाथ मारली तरी एवढ्याशा गिनीपिगचं हाड मोडू शकतं, आणि सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचे जंतू असतात, त्याला स्वतःला बहुतेकदा काही होत नाही पण गिनीपिगला त्यानेच न्यूमोनिया होतो. खाण्याचंही वेगळं, गिनीपिगच्या शरीरात आपल्यासारखंच व्हिटॅमिन सी तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं (शिमला मिरचीचा तुकडा दिला की कसे किंचाळतात बघा आनंदाने), आणि सशाच्या पेलेट्समध्ये (तयार दाणेदार खाद्यात) ते मुद्दाम घातलेलं नसतं. सशाला सोबतच हवी असेल तर दुसरा ससाच आणा, पण आधी दोघांची नसबंदी करा, नाहीतर एकतर मारामारी नाहीतर महिन्याभरात पिल्लं. मुलीला गिनीपिगच हवं असेल तर दोन माद्या, पिंजरा वेगळा.