गुलमर्गला पिस्टबाहेर, म्हणजे आखून दिलेल्या स्की-मार्गाबाहेर, स्की करायचंय. हिमस्खलनाचा धोका ओळखायला खड्डा खणून बर्फ तपासला की पुरेसं आहे का?

खड्डा खणायला जरूर शिका, पण त्याच्याकडे 'जा' अशी परवानगी मागू नका. तो फक्त 'जाऊ नका' एवढंच खात्रीने सांगतो. पन्नास पावलांवर वाऱ्याने साठवलेला बर्फ अगदी वेगळा असू शकतो.

गुलमर्गची खरी अडचण हंगामाच्या सुरुवातीलाच तयार होते. थोडासा बर्फ पडतो, मग बरेच दिवस निरभ्र आकाश आणि कडाक्याची थंडी. तेवढ्यात जमिनीलगतच्या बर्फाची साखर होते, म्हणजे एकमेकांना न चिकटणारे सुटे दाणे. त्यावर पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) आला की एक-दोन दिवसांत भलामोठा थर चढतो आणि वाऱ्याने घट्ट बसून अखंड स्लॅब, म्हणजे एकसंध लादी, बनतो. खाली आधार मात्र त्या साखरेचा!

एका फेब्रुवारीत आमच्या गाइडने जमिनीपर्यंत खड्डा खणला. मी भिंत वरून खाली दाबत गेलो. आधी मूठ रुतली, मग चार बोटं, मग जेमतेम एक बोट, आणि तळाशी अचानक पुन्हा अख्खी मूठ आत. तिथला बर्फ हातात घेतला तर जाड रवा. लाडवासारखा दाबला तरी वळेना. मग उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा स्तंभ सुटा केला, एका टोकाला फावडं ठेवलं आणि त्यावर थापा मारल्या. मनगटातून १०, मग कोपरातून. तेराव्या थापेला भेग सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावली, म्हणजे स्लॅब सुटायला तयार होता. त्या दिवशी आम्ही गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट शिखराचा नाद सोडला आणि बाबा रेशीकडच्या जंगलातले सौम्य उतार धरले.

खड्ड्याआधी उताराचा कोन मोजा. स्लॅब बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांवरच सुटतो. स्कीची काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, बर्फावर टाकून तिच्यावर कोन मोजणारं ॲप सुरू केलेला फोन ठेवला की आकडा कळतो. तुम्ही ज्या उतारावर आहात त्याच्या डोक्यावर काय आहे तेही बघा, कारण वरून सुटलेला बर्फ सौम्य उतारावरही येतो. चालताना पायाखाली 'धप्प' झालं किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, तर खड्डा न खणताच मागे फिरा.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. गाडला गेलेला माणूस जिवंत काढायला हातात जेमतेम १० ते १५ मिनिटं असतात. म्हणजे शोधणारे तुमचे सोबतीच. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि गोंडोलात (केबल कारमध्ये) बसण्याआधी एकमेकांचे बीकन तपासून घ्या.