शेरीफ पोलीस की मानकरी?

प्रश्न: वेस्टर्न पिक्चरमधला शेरीफ छातीवर स्टार, कमरेला बंदूक लावून फिरतो. आणि बाबा सांगतात दिलीपकुमार मुंबईचे शेरीफ होते. मग हे पद नक्की कसलं? आपल्या 'शरीफ'शी काही नातं आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: शरीफशी नातं नाही. तो शब्द अरबी, म्हणजे खानदानी, प्रतिष्ठित माणूस. शेरीफ जुन्या इंग्रजीतला, शायर आणि रीव्ह जोडून झालेला. शायर म्हणजे जिल्हा, यॉर्कशायरमध्ये आहे तोच, आणि रीव्ह म्हणजे कारभारी. थोडक्यात जिल्ह्यातला राजाचा माणूस.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर तर ह्याचा दरारा फारच वाढला, कारण महसूल गोळा करणं, कोर्टाचे हुकूम बजावणं, चोर पकडणं, वेळ पडली तर जिल्ह्यातली माणसं जमवून पाठलागावर निघणं, सगळं एकाच माणसाकडे. एवढी सत्ता एका हातात आली की लोक भरडले जाणारच. तक्रारी इतक्या झाल्या की दुसऱ्या हेन्री राजाने ११७० मध्ये चौकशी लावून बऱ्याच शेरीफांना काढून टाकलं. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेत, तर चक्क लिहिलंय की शेरीफने स्वतंत्र माणसाचे घोडे आणि गाड्या त्याला न विचारता घ्यायच्या नाहीत. मला हे कलम फार आवडतं, सामान्य माणसाचा राग थेट कायद्यात उतरलाय.

पुढे ही कामं वेगवेगळ्या लोकांकडे गेली आणि प्रत्येक ठिकाणी शेरीफकडे वेगळाच तुकडा उरला. अमेरिकेत पोलिसाचं काम उरलं, तिथे बहुतेक ठिकाणी लोक त्याला मत देऊन निवडतात. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश. इंग्लंडात वर्षभराचं मानाचं पद.

मुंबईत हे पद इंग्रजांबरोबर आलं, मराठीत आपण नगरपाल म्हणतो. दिलीपकुमार, नंतर सुनील गावस्कर, अशा मोठ्या लोकांना हा मान मिळाला, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि फोटो काढायचे एवढंच काम. पण हायकोर्टात शेरीफचं ऑफिस आहे, आणि कोर्टाचे हुकूम बजावायचं ते जुनं काम तिथे अजून चालतं. समजा एखाद्या जहाजाच्या मालकाने खलाशांचे पगार थकवले आणि खलाशी कोर्टात गेले, तर कोर्ट जहाज अटकेत ठेवायचा हुकूम देतं (हो, जहाजालाही अटक होते) आणि तो शेरीफच्या ऑफिसमार्फत बजावला जातो. तरीही मालकाने पैसे किंवा हमी दिली नाही तर कोर्टाच्या हुकमाने शेरीफ जहाजाचा लिलाव करतो, पैसे कोर्टात जमा होतात, आणि त्यातून देणी भागवताना खलाशांचा पगार अगदी वरच्या नंबरवर असतो.